डुलणाऱ्या खिडक्या

लिनक्स फुकट मिळतं असं सांगून आमच्याकडे कुणाला ते घ्यावंसं वाटलं नाही. वाटणार कसं? विंडोजही फुकटच मिळत होतं. २००७च्या सुमाराला सिल्वासाजवळच्या सामरवरणीत जोडणीचा कॉम्प्युटर घ्यायला गेलं की दुकानदार एका कागदावर बोर्ड, रॅम, हार्डडिस्क, मॉनिटर, कॅबिनेट असे भाव मांडायचा, आणि त्या कागदावर विंडोजची ओळच नसायची. एक्सपी ‘टाकून’ मिळायचं. त्यासोबत ऑफिस, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि गाण्यांचं एक भलंमोठं फोल्डरही यायचं. ज्या वस्तूचा भाव बिलावर कधी दिसलाच नाही, तिच्यापेक्षा स्वस्त दुसरं काय असणार? मुक्त सॉफ्टवेअरचं सगळं तत्त्वज्ञान त्या कागदापाशी येऊन अडायचं.

मग लिनक्सकडे सामान्य माणूस वळून बघायला लागला तो कशामुळे? उत्तर जरा ओशाळवाणं आहे. एका फिरणाऱ्या ठोकळ्यामुळे.

मी तेव्हा सामरवरणीत दोघांबरोबर खोली करून राहत होतो. एक जण धाग्याच्या टेक्श्चरायझिंग कारखान्यात मेंटेनन्सला, दुसरा प्लास्टिक मोल्डिंगमध्ये शिफ्टवर, दोघेही खानदेशातले. रस्त्यावरच्या पाट्या गुजरातीत, कारखान्यातलं बोलणं हिंदीत, खोलीतलं मराठीत आणि रात्री उशिरा अहिराणीत. पाड्यांवर वारली. खोलीतला कॉम्प्युटर तिघांच्या वर्गणीचा. ग्राफिक्स इंटेलच्या बोर्डावरच बसवलेलं, वेगळं कार्ड नाही, रॅम ५१२ एमबी. उबुंटू या लिनक्सच्या अवताराची सीडी मात्र रीतसर पोस्टाने आली होती. मार्क शटलवर्थ यांची कॅनॉनिकल कंपनी त्या काळात ‘शिपइट’ नावाच्या योजनेखाली जगात कुठेही सीडी पाठवायची, टपालखर्चही तिचाच. (ही योजना २०११ साली बंद झाली.) पातळ पुठ्ठ्याचं ते पाकीट हातात उलटसुलट करून मेंटेनन्सवाला म्हणाला, “आयला, ओरिजिनल आहे रे!” आमच्या खोलीत आलेलं ते पहिलं ओरिजिनल सॉफ्टवेअर होतं.

सीडी लावल्या लावल्या ठोकळा दिसला नाही. ऑक्टोबर २००७मध्ये आलेल्या उबुंटू ७.१०मध्ये ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ नावाचा एक टॅब होता आणि त्यात तीनच पर्याय होते: काही नको, बेताचे, जास्तीचे. ठोकळा हवा तर हे इफेक्ट्स चालवणाऱ्या कॉम्पिझची सेटिंग्ज बदलणारा वेगळा प्रोग्रॅम डाउनलोड करावा लागे. खोलीत इंटरनेट नव्हतं. म्हणजे सायबर कॅफेत जायचं, पेनड्राइव्हवर पॅकेज आणायचं, ते बसवताना कळायचं की त्याला आणखी दोन पॅकेजं लागतात, की परत कॅफे. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेनंतर कंट्रोल आणि आल्ट दाबून मी बाणाची कळ दाबली, आणि सगळा पडदा, त्यावरच्या उघड्या फाइल्ससकट, एका ठोकळ्याची बाजू होऊन गिरकी घेऊन गेला. पलीकडच्या बाजूवर दुसरा डेस्कटॉप. शिफ्टवरून आलेला मित्र दारातच थांबला. “काय भो, मॉनिटर फिरवला का काय?” त्या रात्री शेजारच्या चार खोल्यांतली माणसं येऊन ठोकळा बघून गेली. शिफ्ट आणि एफ-९ दाबलं की पडद्यावर पावसाचे थेंब पडून तरंग उठायचे, ते तर दोनदा दाखवावे लागले.

चोरून टाकलेल्या एक्सपीत नसलेली लिनक्समधली ही पहिली गोष्ट. स्वातंत्र्य, सुरक्षितता, व्हायरस नसणं हे सगळं सांगावं लागतं. ठोकळा सांगावा लागत नाही.

आता तो फिरतो कसा हे बघू, कारण गंमत तिथेच आहे आणि पुढच्या गोष्टीची किल्लीही तिथेच.

जुन्या पद्धतीत पडदा म्हणजे सगळ्यांत मिळून एकच पाटी. लिनक्सवर खिडक्या दाखवणारी ‘एक्स विंडो’ ही व्यवस्था १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली, तेव्हा कॉम्प्युटरची स्मरणशक्ती इतकी तोकडी होती की दुसरी सोयच नव्हती. प्रत्येक प्रोग्रॅम त्याच पाटीवर आपापल्या चौकटीत लिहायचा. एक खिडकी दुसरीवर ओढली की खालचं पुसलं जायचं. ती पुढे सरकली की व्यवस्था खालच्या प्रोग्रॅमला निरोप द्यायची: तुझा एवढा तुकडा उघडा पडलाय, परत काढ. प्रोग्रॅम जागेवर असेल तर लगेच काढायचा. तो दुसऱ्या कामात गुंतला असेल किंवा अडकला असेल, तर पाटी तशीच घाण. विंडोज एक्सपीचंही साधारण हेच होतं. हँग झालेल्या खिडकीवरून दुसरी ओढली की तिचे ठसे पत्त्यांसारखे मागे पसरत जायचे, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाने बघितलंय. काहींनी तर त्यात नक्षी काढून वेळ घालवलाय.

२००४ साली एक्स विंडोच्या एक्स.ऑर्ग ६.८ या आवृत्तीत ‘कंपोझिट’ नावाची एक सोय आली. आता प्रत्येक प्रोग्रॅमने पाटीवर लिहायचंच नाही. त्याला आपला स्वतंत्र कागद, तोही पडद्याआड. मेंटेनन्सवाल्या मित्राला मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमधल्या ट्रेसिंग पेपरचं उदाहरण दिलं होतं. पाइपलाइनचा एक कागद, वायरिंगचा दुसरा, भिंतींचा तिसरा, आणि एक माणूस ते एकावर एक ठेवून दिवा लावून दाखवतो. हा दाखवणारा माणूस म्हणजे कंपोझिटर. एकदा खिडकी हा असा सुटा कागद झाला, की त्याला अर्धपारदर्शक करता येतं, खाली सावली देता येते, लहान करून इतर कागदांशेजारी मांडता येतं. आणि ठोकळ्याच्या बाजूला चिकटवून फिरवताही येतं.

पण हे काम मोठं आहे. १०२४ बाय ७६८च्या पडद्यावर ७,८६,४३२ ठिपके असतात, प्रत्येकाला चार बाइट. एका पूर्ण पडद्याच्या खिडकीला ३ एमबी झाले. हालचाल गुळगुळीत दिसायची तर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एकाच कागदासाठी सेकंदाला १८० एमबीची उचलठेव. असे आठ-दहा कागद, त्यात वाकवणं, तिरकं करणं. हे मुख्य प्रोसेसरवर टाकलं तर तो दुसरं काही करणारच नाही. पण कॉम्प्युटरमध्ये याच कामासाठी बसवलेला एक गडी आधीपासून होता, ग्राफिक्सची चिप. ती घरोघरी गेम सुरू होण्याची वाट बघत झोपलेली असायची. खिडकीचा कागद चिपला समजेल अशा रूपात तिच्या हवाली कसा करायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

ही कल्पना लिनक्सवाल्यांची नव्हे, हे मान्य केलं पाहिजे. ॲपलच्या मॅकवर २००१पासून खिडक्या दिव्यातल्या राक्षसासारख्या चिंचोळ्या होऊन खाली शिरत होत्या, आणि २००२च्या आवृत्तीपासून तो भार ग्राफिक्स चिपवर गेला होता. सन कंपनीने ‘लुकिंग ग्लास’ नावाचा एक प्रयोग दाखवला होता, त्यात खिडकी उलटी करून तिच्या पाठीवर टिपण लिहिता यायचं. प्रयोग म्हणून फार सुंदर, पण लोकांच्या टेबलापर्यंत तो पोचला नाही.

टेबलापर्यंत पोचवलं ते डेव्हिड रेव्हमन या प्रोग्रॅमरने. नॉव्हेल कंपनीत काम करताना त्याने एक्सजीएल ही ग्राफिक्सची व्यवस्था आणि तिच्यावर चालणारा कॉम्पिझ हा कंपोझिटर लिहिला. २००६च्या सुरुवातीला दोन्ही लोकांपुढे आले. काही महिने हे काम कंपनीच्या आतच चालल्यामुळे बाहेरचे प्रोग्रॅमर नाराज होते. उघड्यावर काम करण्याची शपथ घेतलेल्या जगात दार लावून लिहिणं म्हणजे पंगतीत वेगळं ताट मागण्यासारखं. रेड हॅट या लिनक्स कंपनीत क्रिस्टियन ह्योग्सबर्ग आणि इतरांनी त्याच प्रश्नाला दुसरा तोडगा काढला, एआयजीएलएक्स. एक्सजीएलने जुन्या घरावर नवं घर चढवलं होतं. एआयजीएलएक्सने जुन्याच घराची एक भिंत पाडून खिडकी काढली. पुढे टिकला तो दुसरा मार्ग.

त्यात भांडण झालं नसतं तर ते मुक्त सॉफ्टवेअर कसलं! क्विन स्टॉर्म या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरचे बदल मूळ कॉम्पिझपासून इतके लांब गेले, की सप्टेंबर २००६मध्ये त्यांचं वेगळं बिऱ्हाड झालं, नाव ‘बेरिल’. बेरिल हे खनिज, आणि पाचू हा त्याचाच एक प्रकार, म्हणून खिडकीची चौकट सजवणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव ‘एमरल्ड’. काही महिने जगातले हौशी लोक दोन गटांत वाटले गेले. कॉम्पिझवाले बेरिलला कच्चं म्हणायचे, बेरिलवाले कॉम्पिझला बेचव. २००७ साली दोन्ही घरं परत एक झाली आणि ‘कॉम्पिझ फ्यूजन’ तयार झालं. त्याच ऑक्टोबरात उबुंटूने ते मुळातच सुरू ठेवून दिलं. दीड वर्षात दोन कंपन्या, एक फाटाफूट, एक दिलजमाई. आणि सगळं चव्हाट्यावर.

याच सुमाराला, ३० जानेवारी २००७ला, विंडोज व्हिस्टा बाजारात आलं. त्याच्या काचेसारख्या पारदर्शक खिडक्यांचं नाव ‘एरो’. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस होती १ जीबी रॅम आणि १२८ एमबी ग्राफिक्स मेमरीची, आणि स्वस्तातल्या ‘होम बेसिक’ आवृत्तीत काच नव्हतीच. इंटेलच्या ९१५ या चिपसंचावर एरो चालतच नव्हतं, तरी त्यावरच्या कॉम्प्युटरांवर ‘व्हिस्टा कॅपेबल’चं लेबल लागलं, आणि त्यावरून अमेरिकेत खटलाही उभा राहिला. मौज अशी की नेमक्या त्या ९१५वर एआयजीएलएक्स आणि कॉम्पिझ मजेत चालत होते, कारण इंटेलचा लिनक्स ड्रायव्हर खुला होता आणि त्यात हवा तो बदल कुणालाही करता येत होता. व्हिस्टासाठी नवीन कॉम्प्युटर घ्या, आणि लिनक्सवर जुन्यातच त्याहून जास्त तमाशा! यूट्यूब तेव्हा नुकतंच रांगायला लागलं होतं आणि एका बाजूला व्हिस्टा, दुसऱ्या बाजूला बेरिल अशा व्हिडिओंचं त्यावर पीक आलं होतं. मला विचाराल तर लिनक्सची इतकी चोख जाहिरात त्याआधी कधी झाली नव्हती, आणि ती कुणी पैसे देऊन करवलेली नव्हती.

ठोकळा पाहुण्यांसाठी. खोलीत आम्हाला लळा लागला तो डुलणाऱ्या खिडकीचा. खिडकीचं डोकं माउसने धरून ओढलं की ती जेलीसारखी मागे राहायची, वाकायची, सोडली की दोन हेलकावे खाऊन स्थिर व्हायची. कॉम्पिझमध्ये याचा जो कोड आहे तो बघण्यासारखा आहे. खिडकीवर चार बाय चार असे सोळा बिंदू कल्पिलेले असतात. प्रत्येक बिंदूला वजन. शेजारच्या बिंदूंमध्ये आडव्या बारा आणि उभ्या बारा, अशा चोवीस स्प्रिंगा. तुम्ही जिथे पकडता तिथला सर्वांत जवळचा बिंदू माउसला बांधला जातो आणि बाकीचे पंधरा स्प्रिंगांच्या ओढीने मागून येतात. दर चित्राला प्रत्येक बिंदूवर किती जोर आला, त्याने तो किती सरकला, एवढाच हिशेब. न्यूटनचं यंत्रशास्त्र, अकरावीच्या पुस्तकातलं. मग त्या सोळा बिंदूंना धरून एक वळणदार पृष्ठभाग काढतात आणि खिडकीचा कागद त्यावर ताणून बसवतात.

सेटिंग्जमध्ये दोन आकडे असतात: स्प्रिंगेचा ताठरपणा, मुळात ८, आणि घर्षण, मुळात ३. मेंटेनन्सवाल्या मित्राने ते वाचलं आणि त्याचा चेहराच बदलला. “हे तर डॅम्पिंग आहे!” दिवसभर तो यंत्रांच्या थरथरीशीच झगडायचा. त्याने घर्षण ०.१वर नेलं. खिडकी ओढून सोडली, ती थांबेचना. डुलतेय, डुलतेय. “बेअरिंग गेलंय हिचं,” तो म्हणाला. मग एकेक आकडा वाढवत, शिट्टी वाजवत, त्याने अर्धा तास ती खिडकी ‘दुरुस्त’ केली. कॉम्प्युटरच्या आत काय चाललंय ते आपल्याला कळतंय, त्यात हात घालता येतोय, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मुक्त सॉफ्टवेअरवरची व्याख्यानं मी नंतर बरीच ऐकली, एकाही व्याख्यानाने हे केलेलं मला दिसलं नाही.

वळणदार पृष्ठभाग ग्राफिक्स चिपला कळत नाही. तिला त्रिकोण कळतो. म्हणून वाकलेली खिडकी आधी छोट्या छोट्या चौकोनांत कापतात आणि प्रत्येक चौकोनाचे दोन त्रिकोण करतात. ठोकळ्याची बाजू असो, ज्वाळेत जळून बंद होणारी खिडकी असो, चिपसाठी सगळे त्रिकोणच. सामरवरणीच्या आसपासच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी भिंतींवर जी वारली चित्रं काढतात, त्यांतला माणूसही असाच, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. त्यांतला एक किंचित कलता केला की माणूस नाचतो, वाकतो, भात लावतो. कमीत कमी आकारांतून हालचाल उभी करायची ही युक्ती त्या भिंतींवर ग्राफिक्स चिपच्या कितीतरी आधीपासून होती. असो.

पुढच्या महिन्यात खोलीतल्या कॉम्प्युटरवर परत एक्सपी आलं.

कारणं साधी होती. ठोकळा फिरत होता, पण गाणं वाजत नव्हतं. एमपी-३चं पेटंट होतं, म्हणून उबुंटू ते वाजवणारं सॉफ्टवेअर सीडीवर देत नसे. इंटरनेट असेल तर दोन टिचक्यांचं काम, आमच्यासाठी मात्र कॅफेच्या आणखी खेपा. मोल्डिंगवाल्याने सिनेमा लावला आणि ठोकळा फिरवला, तर खिडकी फिरून गेली आणि सिनेमाचा चौकोन जागच्या जागी लुकलुकत राहिला, कारण त्या ड्रायव्हरमध्ये व्हिडिओ अजून जुन्याच वाटेने थेट पाटीवर उतरत होता. शेजारच्या खोलीतल्या एकाकडे वेगळं कार्ड होतं, त्याच्या बंद ड्रायव्हरवर चार खिडक्या उघडल्या की पाचवी काळीठिक्कर. कंपनीशिवाय ते कुणाला दुरुस्त करता येणार नव्हतं. मोल्डिंगवाल्याला शिफ्ट सोडून अकाउंट्समध्ये जायचं होतं, आणि सिल्वासात अकाउंट्स म्हणजे टॅली. टॅली विंडोजवर. त्याच्या भावाने गावाहून बायोडेटाचा मराठी नमुना पाठवला होता, तो एका जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. उबुंटूवर तो उघडला तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. “याचं काय करू मी?” त्याने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला ठोकळा आवडला होता, त्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण ठोकळा ही बघायची वस्तू, आणि कॉम्प्युटर त्याने वर्गणी काढून नोकरीसाठी घेतला होता.

लिनक्स लोकांपर्यंत का पोचलं नाही यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातलं बरंचसं अवघड करून सांगितल्यासारखं वाटतं. माणूस ऑपरेटिंग सिस्टिम निवडतच नाही. तो काम निवडतो, आणि कामासोबत सिस्टिम येते. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सने महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत कॉम्प्युटर पोचवला. सरकारी नोकरीच्या अटीत तो कोर्स आला, आणि त्याचा सराव मुख्यतः विंडोजवर आणि एमएस ऑफिसवर. एका पिढीसाठी कॉम्प्युटर म्हणजे तेच. उलट केरळने शाळांतल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर घेतलं, शिक्षकांना ते शिकवलं, परीक्षा त्यावर घेतली. तिथे ठोकळा न फिरवताही लिनक्स घराघरांत माहीत झालं. मुंबईत मुख्यालय असलेल्या एलआयसीच्या शाखांमध्येही लिनक्स होतं. हप्ता भरायला गेलेल्या कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या चिवडा झालेल्या बायोडेटाकडे मात्र परत यायला हवं. कारण त्याच उबुंटूवर मी एक मराठी संकेतस्थळ उघडून दाखवलं होतं आणि ते अगदी स्वच्छ दिसलं होतं. एक्सपीत तेच पान बघायचं तर कंट्रोल पॅनलच्या भाषांच्या खिडकीत जाऊन एक खूण करायची, मग ते एक्सपीची सीडी मागायचं, मग कॉम्प्युटर बंद करून चालू. नाहीतर वेलांट्या भलत्याच जागी आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले.

देवनागरी पडद्यावर दाखवणं ठोकळा फिरवण्यापेक्षा अवघड आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल; पण ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी उच्चारात आणि साठवणीत ‘क्ष’च्या नंतर येते, दिसते मात्र आधी. त्यातला ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष या तिघांचा मिळून झालेला. ‘दऱ्या’तला र वेगळा, ‘सूर्या’तला वेगळा, पहिला आडवा पसरतो, दुसरा डोक्यावर बसतो. मराठीचा ल आणि श हिंदीच्या ठशापेक्षा निराळे. मुंबईत एनसीएसटी या संस्थेने ‘इंडिक्स’ नावाने हे ज्ञान थेट एक्स विंडोच्या पोटात बसवायचा प्रयत्न केला होता. प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘इंडलिनक्स’ या गटाने, जी. करुणाकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर, मेनू आणि सूचना भारतीय भाषांत आणायचं काम केलं. २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ हे फाँट जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. ते मुळात घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, ‘श्रीलिपी’मुळे छापखान्यांना घरच्यासारख्या असलेल्या कंपनीने. लोहित म्हणजे लाल. टोपी लाल, म्हणून फाँटही लाल.

रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातून मराठी भाषांतराचं कामही बरंच झालं. एकाच शब्दाला दहा जण दहा मराठी शब्द वापरतात, म्हणून तिथूनच ‘फ्युएल’ हा उपक्रम निघाला: रोज डोळ्यांपुढे येणाऱ्या पाचशेहून अधिक संज्ञांची यादी करायची आणि बसून, भांडून, प्रत्येकीला एक शब्द ठरवायचा. त्या काळच्या मराठी डेस्कटॉपवर विंडोला ‘चौकट’ म्हटलेलं असायचं आणि फोल्डरच्या जागी ‘संचयिका’ भेटायची. संचयिका बघून मला शाळेतली अल्पबचत आठवायची आणि हसू यायचं. पण कुणीतरी बिनबोभाट बसून हजारो ओळी मराठीत उतरवल्या, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती यूट्यूबवर कधी कुणी दाखवली नाही. दाखवणार काय? अक्षर बरोबर दिसलं तर दिसत काहीच नाही.

ठोकळ्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. उबुंटूने २०११मध्ये ‘युनिटी’ नावाचं नवं रूप आणलं, ते कॉम्पिझच्याच खांद्यावर उभं होतं, पण ठोकळा त्यात मागे पडला. ग्नोम ३ या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपने त्याच वर्षी स्वतःचा कंपोझिटर आणला. खिडक्या सुट्या कागदांवर काढायच्या हे सगळीकडे गृहीत धरलं गेलं, आणि मग तमाशाची गरज उरली नाही. एआयजीएलएक्सवर काम केलेल्या ह्योग्सबर्गने २००८ साली ‘वेलँड’ सुरू केलं. १९८४ची पाटी बाजूला ठेवायची आणि कागद रचणाऱ्यालाच मालक करायचं, ही त्यामागची कल्पना. आज उबुंटू आणि फेडोरा हे लिनक्सचे अवतार मुळातच त्यावर चालतात. नजर अधू असलेल्यांसाठी पडदा मोठा करणं, रंग उलटे करणं या सोयी कॉम्पिझच्या गर्दीत कोपऱ्यात पडून होत्या. टिकण्यासारखं होतं ते हेच.

आणि फोन. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि त्याचा पडदाही कंपोझिटरच रचतो, प्रत्येक अ‍ॅपला आपला स्वतंत्र कागद. बोटाने अ‍ॅप वर ढकललं की ते लहान होऊन बाजूला जातं, तो त्या ठोकळ्याचाच धाकटा भाऊ. अँड्रॉइड ४च्या काळात पुष्कळ फोनांवर देवनागरी दिसायला लागली ती लोहितमधून. मोल्डिंगवाला मित्र, जो पुढे खरंच अकाउंट्समध्ये गेला, त्याने मला पहिला मराठी मेसेज पाठवला तो अशाच एका फोनवरून. पुण्यात घडलेलं अक्षर, लिनक्सचा गाभा, वर कंपोझिटर: सामरवरणीच्या खोलीत जमलं नाही ते सगळं त्याच्या खिशात होतं, आणि त्याला त्यासाठी एकदाही कॅफेत जावं लागलं नव्हतं. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मग ठोकळा कुठंय?”

त्याच्यासाठी, आणि तुमच्याकडे जुना कॉम्प्युटर पडून असेल तर तुमच्यासाठीही, पत्ता देऊन ठेवतो. केडीई प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपमधून ठोकळा काही वर्षं काढून टाकला होता. लोक मागत राहिले, आणि २८ फेब्रुवारी २०२४ला आलेल्या प्लाझ्मा ६मध्ये तो परत आला. त्याच महिन्यात, स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार, जगातल्या डेस्कटॉपांमध्ये लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ४ टक्क्यांवर गेला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. डुलणाऱ्या खिडक्याही तिथेच, सेटिंग्जमधल्या डेस्कटॉप इफेक्ट्सच्या यादीत आहेत. मुळात त्या बंद असतात. तिथे जाऊन टिचकी मारावी लागते.